पाहुण्याचं ओझं

परवा रात्री अकराच्या सुमाराला न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन. डिसेंबरात चौघंही येताहेत, सहा दिवस मोकळे आहेत, आणि फर्माईश अशी की, "काका, लोणावळा-महाबळेश्वर नको. रिसॉर्ट तर नकोच नको. कुणाच्या तरी घरी राहू, एखादा डोंगर चढू. जिथे कुणी जात नाही असं काहीतरी शोध ना."

"बघतो" म्हटलं आणि नकाशा उघडून बसलो. शोधायला लांब कशाला जायचं? आत्याचं घर बारामती-इंदापूर रस्त्यावर, सणसरच्या पुढे. आतेभावाने यंदा मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्यात, त्या पाहुण्यांना द्यायचा त्याचा विचार चाललाय. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक घरातलंच! पण "जिथे कुणी जात नाही" या शब्दांपाशी मात्र मी अडखळलो. आत्याच्या दारावरून दर आषाढीच्या आधी लाखो माणसं चालत जातात. इतकी वर्षं जातात की आमच्याकडे 'पाहुणा' म्हटलं की गाडीतून उतरलेला माणूस डोळ्यांपुढे येतच नाही. येतो तो पाय धुळीने भरलेला आणि खांद्याला पडशी लावलेला.

मग दोन रात्री जुनी पुस्तकं चाळण्यात गेल्या आणि सहलीचा आराखडा बाजूलाच राहिला. (बायकोचं म्हणणं, हे नेहमीचंच.) आता आराखडा आणि त्याच्या निमित्ताने जे सुचत गेलं ते, दोन्ही एकत्रच लिहितोय. घरच्यांनी आराखडा वाचावा, बाकीच्यांनी उरलेलं.

आधी थोडा भूगोल, कारण पुतण्याच्या बायकोने हा भाग पाहिलेला नाही. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा. दोघींच्या मधल्या पट्ट्यात बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे तालुके. सासवडकडून येणारी कऱ्हा मोरगाव, बारामती करत सोनगावपाशी नीरेला मिळते, आणि नीरा पुढे नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. तिथे इंदापूर तालुका संपतो. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकात आला, १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर. कालव्याखालचा भाग बागायती झाला, ऊस आला, कारखाने आले. कालव्याच्या वरचा सुपे-मोरगावकडचा भाग जिरायतीच राहिला. आणि डोंगर? इंदापुरात डोंगर नाही. त्यासाठी नीरा ओलांडायची. पलीकडे शंभू महादेवाची रांग आहे आणि तिच्या माथ्यावर शिखर शिंगणापूर. सातारा जिल्हा लागतो, पण आमच्या लोकांचा तो घरचाच डोंगर.

आता आत्याच्या घराकडे. तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. तेव्हा ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्या पादुका एकाच पालखीत असत. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीचा सोहळा वेगळा केला. तुकोबांची पालखी आता उंडवडीहून बारामतीला येते. पुढे काटेवाडीला परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, आणि नीरा ओलांडून अकलूज. हे सगळं आता टीव्हीवर दिसतं. जे दिसत नाही ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांत चालतं.

आत्याकडे मराठवाड्यातली एक दिंडी उतरते. तिच्या सासऱ्यांच्या आधीपासून उतरते. चाळीस-पन्नास माणसं, कधी साठ. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा त्या दिवसांत तिथे होतो. पहाटे तीनला जाग आली तर चुलीपुढे आत्या, तिच्या दोन जावा आणि शेजारच्या दोघी. परातीवर भाकऱ्या थापल्याचा आवाज एकसारखा चाललेला. मी भाकऱ्या मोजायला बसलो. एकशे अकरापर्यंत मोजल्याचं आठवतं, मग तिथेच पोत्यावर झोप लागली. उठलो तेव्हा दिंडी पुढे गेलेली आणि आत्या अंगण झाडत होती. ओसरीवर विणेकऱ्याला हार घालून निरोप मामांनी दिला होता. फोटोही त्यांचाच आहे, भिंतीवर.

हा फोटो मला इतकी वर्षं साधा वाटायचा. यावेळी त्याच्याकडे पाहताना वेगळंच काहीतरी डोक्यात आलं. या मुलखात पाहुणा पायी येतो, त्याला ठेवून घेतात, खाऊ घालतात, ही गोष्ट अगदी खरी आहे आणि तिचा आम्हाला अभिमानही आहे. पण पाहुण्याचं ओझं प्रत्यक्ष उचललं कुणी? हा प्रश्न एकदा शिरला आणि मग प्रत्येक पानावर तोच दिसायला लागला.

गॅझेटियरं १८८५ ची. पुण्याचा आणि साताऱ्याचा खंड दोन्ही त्याच वर्षीचे. त्या काळात गावात आलेला वाटसरू देवळात, चावडीत नाहीतर धर्मशाळेत उतरे. ओळखीचा असेल तर घरी. पण पाहुण्यांचा आणखी एक प्रकार होता, न बोलावता येणारा. सरकारी अंमलदार, आधी पेशव्यांचा आणि मग इंग्रजांचा. त्याच्या घोड्याला वैरण, त्याला सरपण, त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत पोचवणं, वाट दाखवणं, ही सगळी गावाची जबाबदारी. आणि 'गावाची' म्हणजे शेवटी कुणाची, तर महारवाड्यातल्या माणसांची. वतनाच्या नावाखाली थोडी जमीन आणि बलुतं, आणि त्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री कधीही हाक आली की पुढे होऊन चालायचं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडलं ते याच जुलमाविरुद्ध. वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. म्हणजे ज्याला आज आपण कौतुकाने 'लोकल गाईड' म्हणतो, तो सह्याद्रीत आणि इकडे पठारावरही शेकडो वर्षं होता. फक्त त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

वारीचं तसं नव्हे, ती आपखुशीची. तरी इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख ज्यांनी वाचलाय त्यांना आठवत असेल. त्या स्वतः दिंडीबरोबर चालल्या, आणि एकाच विठ्ठलाचं नाव घेत दिवसभर एकत्र चाललेली माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात हे त्यांना टोचलं. त्यांनी ते लिहूनही ठेवलं. आत्याच्या घरी असं होतं का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आमच्या येळंला न्हवतं." त्याच्या आधीच्या वेळेचं ती बोलली नाही, मीही फार खोदलं नाही.

असो. फार गंभीर झालं. बारामतीच्या सगळ्यांत दीर्घ मुक्काम केलेल्या पाहुण्याबद्दल सांगतो. कवी मोरोपंत! जन्म पन्हाळगडचा, १७२९ चा. बाबूजी नाईक बारामतीकरांच्या आश्रयाला आले, नाईकांकडे पुराण सांगू लागले आणि १७९४ साली देह ठेवला तोही बारामतीतच. आयुष्याचा बहुतेक काळ इथे, कऱ्हेच्या काठी. तेवढ्यात किती आर्या लिहून झाल्या ते शाळेत आपल्या सगळ्यांनाच भोगावं लागलंय. नाईकांचा वाडा कऱ्हेकाठी आहे, मुलांना तो दाखवायचा. हे ओझं वाड्याला जड नव्हतं, शिवाय पाहुण्याने भाडं चुकतं केलं, अक्षरांत.

आता डोंगर. पुतण्याला 'ट्रेक' हवाय, तर त्याच्यासाठी मुंगी घाट.

शिंगणापूरचा शंभू महादेव हे भोसल्यांचं कुलदैवत. चैत्रात तिथे यात्रा भरते. अष्टमीला शिवपार्वतीचं लग्न लागतं आणि द्वादशीला कावडी चढतात. सासवडची तेल्या भुत्याची कावड मानाची. तांब्याचे दोन मोठे रांजण, कऱ्हेच्या पाण्याने भरलेले, मधे बांबू. ते घेऊन चैत्राच्या उन्हात माणसं सासवडहून निघतात, गावोगाव मुक्काम करत, नीरा ओलांडून माळशिरस तालुक्यातल्या कोथळ्याकडून डोंगराच्या पायथ्याशी येतात. वर जायला गाडीरस्ता आहे, पायऱ्यांची वाट आहे. पण कावड जाते ती मुंगी घाटाने, म्हणजे सरळ कड्यासारख्या चढावरून. पायऱ्या नाहीत. माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि कावड त्या हातांवरून वर सरकते. खालून पाहिलं तर मुंग्यांची रांगच. नाव त्यावरूनच पडलं असं लोक सांगतात, आणि एकदा पाहिलं की दुसरं काही पटत नाही.

मी एकदाच पाहिलंय हे, विशीत असताना. आम्ही चार मित्र पाठीवर रिकाम्या सॅका घेऊन चढत होतो आणि निम्म्यातच जीभ बाहेर आली होती. शेजारून कावडीची साखळी सरकत गेली. त्यातल्या एका आजोबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पानी हाय का, देऊ?" त्यांच्या खांद्यावर देवाचं पाणी होतं, कमरेला स्वतःचं वेगळं. त्यातलं मला दिलं. चढणाऱ्यांत हीच मंडळी अशी आहेत की जी आपलं ओझं कुणावर टाकत नाहीत.

पाणी वाहून न्यावं लागतं कारण त्या डोंगरावर पाण्याची ओरडच. हीच अडचण चारशे वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी पाहिली आणि शिंगणापूरला मोठा तलाव बांधला. यात्रेकरूंसाठी. त्या भागात माझ्या माहितीतली पर्यटनाची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत शहाणी 'सोय' हीच. देवळाला सोनं-नाणं वाहणारे पुष्कळ, खाली डोंगर चढून आलेल्याला तहान लागली असेल हे ज्याच्या मनात आलं तो वेगळा. आणि गंमत, खरं तर गंमत नव्हे, पण हे मालोजीराजे पडले कुठे? तर आमच्या इंदापूरला, लढाईत. इंदापुरातली मालोजीराजांची गढी सगळ्यांना ठाऊक असते, शिंगणापूरचा तलावही तिथे जाणाऱ्यांना ठाऊक असतो. दोन्ही एकाच माणसाचे, हे एकत्र सांगणारं मात्र मला लहानपणी कुणी भेटलं नाही.

(पुतण्या, हे वाचत असशील तर: डिसेंबरात ऊन कमी असलं तरी प्रत्येकी तीन लिटर पाणी. तुझ्या मुलांनीही आपापलं उचलायचं. घसारा आहे, बूट चांगले आणा. वाट माहीत असलेला पायथ्याचा कुणीतरी बरोबर घ्यायचाच, आणि त्याचे पैसे चढायच्या आधी ठरवायचे, खाली उतरल्यावर घासाघीस करायची नाही.)

भिगवणविषयी मला जरा जपूनच लिहावं लागतं. रोहित पक्षी बघायला हल्ली पुण्या-मुंबईची मंडळी पहाटे निघून कुंभारगाव, डिकसळला येतात. मच्छीमारांच्या होडीतून पाण्यात जायचं, पक्षी अगदी जवळून बघायचे, आणि मग त्यांच्याच घरी मासे-भाकरी खायची. काहींनी राहायच्या खोल्याही काढल्यात. उत्तम होतं सगळं. पण होडी ज्या पाण्यावर तरंगते ते उजनी धरणाचं. १९८० च्या सुमारास ते भरलं आणि भीमेकाठची कितीतरी गावं खाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की त्याचं शिखर वर येतं, मग पूर्ण देऊळ, आणि बातमी छापून येते. लोक फोटो काढायला जातात. ज्यांचं घर त्या देवळाच्या आसपास होतं तेही जातात, ते फोटो काढत नाहीत, नुसते उभे राहतात. आत्याच्या नात्यातली एक म्हातारी आपला उंबरा कुठे असेल ते हाताने दाखवायची, नुसत्या पाण्याकडे बोट करून. जमीन गेल्यावर या भागातल्या कितीतरी जणांनी मासेमारी धरली, आणि मासेमारीला आता पाहुण्यांची जोड मिळालीय. पुतण्याच्या मुलांना पक्ष्यांच्या आधी हे सांगायचं ठरवलंय. ऐकतील तेवढं ऐकतील.

आता ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं तिकडे. घरात राहायचं आणि पैसे द्यायचे, हा व्यवहार आपल्याकडे शेतीशी रीतसर जोडला गेला तो बारामतीतच. २००५ साली पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटन विकास संस्थेमार्फत बारामती तालुक्यात पळशीवाडीला पहिलं केंद्र उभं केलं. बैलगाडी, हुरडा, विहिरीवरची आंघोळ, शेतातलं जेवण. तेव्हा आम्ही पुण्यात बसून हसलो होतो, की चुलीवरची भाकरी खायला कोण पैसे देईल! लोकांनी दिले. बऱ्याच शेतकऱ्यांनी तो धंदा उचलला, १६ मे हा दिवस कृषी पर्यटन दिन म्हणून साजरा व्हायला लागला, आणि २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. जागा नीट बघा म्हणजे कळेल. हे कालव्याच्या उसात सुरू झालं नाही. पळशी, लोणी भापकर, मोरगाव हा जिरायती पट्टा. जिथे पीक पावसाच्या लहरीवर, तिथे पाहुणा हेच एक जोडपीक. उसाच्या गावात कारखान्याचं बिल येतं, तिथे कुणाला अशी गरज वाटायची?

त्याच पट्ट्यात लोणी भापकरचं मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे, पुढे पुष्करणी, आणि तिथली ती यज्ञवराहाची मूर्ती. मोरगावला अष्टविनायकाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, आणि इथे थोड्याच अंतरावर शुकशुकाट. 'जिथे कुणी जात नाही' म्हणतात ते हे. सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे, पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, १९९७ पासूनचं. पहिले दोन दिवस इथेच काढायचे.

आराखडा इथवर आला आणि मी आत्याकडे फोन लावला. खोल्यांचं विचारलं. आत्या कडाडलीच.

"आरं, पावन्याकडनं पैसं घ्यायचं? मंग त्यो पावना कसला? आन् तुझा पुतन्या म्हंजी आपलंच पोर. दिंडीला बी उद्या दर सांगायचा का?"

मला वाटलं, बरोबरच आहे. खरं तर मनातून मी आत्याच्याच बाजूचा होतो. इतक्या पिढ्यांची रीत, तिला भावाचा कागद चिकटवायचा म्हणजे कसंतरीच. तेवढ्यात वहिनीने फोन घेतला. वहिनी फार बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"भाऊजी, या घरात लग्न होऊन आले त्याला एकोणीस वर्षं झाली. पाहुणे आले की भाकरी मी केली. कुणी मला नाही म्हणालं नाही आणि कुणी काम केलंस असंही म्हणालं नाही. पाहुण्यांनी जाताना ह्यांचे आभार मानले. आता दर लावला तर पहिल्यांदा कुणीतरी विचारेल, एका माणसाच्या जेवणाला किती वेळ लागतो, किती सरपण लागतं. मला ते पैसे साठवायचेत म्हणून नाही, मला हिशेब बघायचाय."

मी काहीच बोललो नाही. डोळ्यापुढे ती पहाट आली, परातीवरचा आवाज, आणि भिंतीवरचा मामांचा फोटो. मागून आत्या काहीतरी पुटपुटत होती. मग तीही गप्प झाली. थोड्या वेळाने लांबूनच म्हणाली, "दिंडीचं मातुर येगळं हां."

"दिंडीचं वेगळंच," वहिनी म्हणाली. "दिंडी माझी पण आहे."

तर ठरलं ते असं. खोलीचे पैसे आतेभावाच्या खात्यात, जेवणाचे वहिनीच्या. भाकरीचं पीठ मळायला आतेभावाने शिकायचं, ही अट वहिनीची नाही, आत्याची! (हे ऐकून मी फोनवरच हसलो, तर आत्या म्हणाली, "हसतूस काय, तुला तरी येतीय का?") किती ताटं ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचं. दोन दिवस पळशी-लोणीकडे, दोन आत्याकडे. तिथून एका पहाटे भिगवण आणि परतताना इंदापूरची गढी, दुसऱ्या दिवशी नरसिंहपूरचा संगम. मग नीरा ओलांडून पायथ्याला मुक्काम आणि सकाळी मुंगी घाट. वर पोचल्यावर आधी देऊळ नाही, आधी मालोजीराजांचा तलाव.

पालखी मार्ग आता चौपदरी होतोय, लहानपणी ज्यांच्या सावलीत दिंड्या विसावायच्या ती झाडं बरीच गेली. तेव्हा रस्त्याने चालायचा हट्ट मुलांनी धरू नये, शेतातून वाट आहे, ती आतेभाऊ दाखवेल.

काल रात्री पुन्हा फोन केला, तारखा पक्क्या करायला. स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलेलं आहे, वहिनी त्याच्यासमोर उभी राहूनच बोलत होती. मागून आत्याचा आवाज, "पुढच्या सालचं आलं का गं कॅलेंडर? आल्या आल्या पालखीचं ते दोन दीस आधी लाल करून ठीव. त्या दिसांत कुनाला खोली द्याची न्हाय."

"करते, आत्या." मग मला म्हणाली, "आणि भाऊजी, तुमच्या पुतण्याचे चार दिवस सध्या पेन्सिलीने लिहिलेत. अ‍ॅडव्हान्स आला की पेनने करीन."